कर्ता कुठे आहे?



व्याकरणाच्या अभ्यासक्रमात प्रयोग शिकताना ‘रामाने रावणास मारले’ आणि ‘शिपायाने चोरास पकडले’ ही भावे प्रयोगाची उदाहरणे तुम्ही वाचली असतील. तुमच्या आधीच्या कित्येक पिढ्यांनी हीच वाक्ये पाठ केली. मीही ती पाठ करूनच शिकलो आणि अध्यापक झाल्यावर फळ्यावर तीच लिहीत आलो. एक वाक्य मारण्याचे, दुसरे पकडण्याचे. याच प्रयोगाचे तिसरे एक उदाहरण मला एका विद्यार्थ्याने दिले. त्यावर मी लाल शाईने जो शेरा मारला, त्याची हकिगत आज तुम्हांला सांगायची आहे. लेखनकौशल्य शिकवणाऱ्याने आपली चूक विद्यार्थ्यांपासून लपवू नये, असे मला वाटते.

मी ठाण्यात माजिवड्याला राहतो. मुंबई-नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता इथे एकमेकांना मिळतात. उड्डाणपुलांखाली अहोरात्र वाहनांचा ओघ चालू असतो आणि जुन्या गावाची घरे उंच इमारतींच्या आड गेली आहेत. शेजारच्या नाक्याचे नाव कापूरबावडी. बावडी म्हणजे विहीर. बसमध्ये ते नाव दिवसभर पुकारले जाते, पण ऐकणाऱ्याच्या मनात पाणी येत नाही. स्थलनामांचे असेच होते. शब्द टिकतो आणि त्यातला अर्थ झिजून जातो. ज्या ठाण्याला आपण तलावांचे शहर म्हणतो, तिथल्या माणसाला पाण्याची आठवण बहुधा पावसाळ्यातच होते.

याच परिसरातील एका गृहसंकुलाच्या फाटकावर काम करणारे एक सुरक्षारक्षक आमच्या अभ्यासकेंद्रात बी.ए.ला होते. पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, वयाने माझ्याच बरोबरीचे. त्यांचे नाव मी लिहीत नाही, कारण ते त्यांना आवडणार नाही. वर्गातली तरुण मुले त्यांना ‘फौजी काका’ म्हणत. रात्रपाळी संपवून, गणवेश पिशवीत ठेवून ते रविवारच्या संपर्कसत्राला येत आणि पहिल्या बाकावर बसत. डोळे मिटू लागले की उठून मागे जात आणि भिंतीशी उभे राहून ऐकत. प्रौढ वयात शिकणाऱ्यांना एकेका तासाची किंमत कशी मोजावी लागते, हे तुमच्यापैकी अनेकांना वेगळे सांगायला नको.

एका सत्रात मी ‘माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग’ असा स्वाध्याय दिला. शब्दमर्यादा चारशे. बहुतेकांनी ती ओलांडली. फौजी काकांच्या कागदावर दोनच वाक्ये होती: ‘नदीला पूर आला होता. मुलाला वाचवले.’

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मोठा होता आणि रात्र झाली होती. मी समासात लिहिले, ‘कर्ता कुठे आहे? प्रसंग फुलवून लिहा.’ वीसपैकी चार गुण दिले आणि पुढचा कागद घेतला.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे भाषेचा विद्यार्थी म्हणून पाहू या. ‘मुलाला वाचवले.’ कर्ता अध्याहृत आहे, म्हणजे वाक्यात उच्चारलेला नाही. मराठीत हे नित्याचेच आहे. ‘उद्या येतो’ म्हटले की येणारा कोण हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण क्रियापदाच्या रूपातून कर्त्याचा पत्ता लागतो. भावे प्रयोगात मात्र तो लागत नाही. मी वाचवले, तिने वाचवले, आम्ही वाचवले, गावकऱ्यांनी वाचवले. मुलाला, मुलीला, चौघांना. सगळीकडे ‘वाचवले’ तसेच राहते. ते कर्त्याप्रमाणे बदलत नाही आणि कर्माप्रमाणेही बदलत नाही. म्हणजे फौजी काकांनी असे वाक्य लिहिले होते की त्यातून कर्ता काढून घेतल्यावर त्याची खूणसुद्धा मागे उरत नाही. मला हे तेव्हा दिसायला हवे होते. मी डॉक्टरेट भाषाविज्ञानात मिळवली आहे.

पुढच्या रविवारी सत्र संपल्यावर ते कागद घेऊन माझ्याकडे आले. तक्रार नव्हती. ‘‘सर, फुलवून म्हणजे कसं?’’ एवढेच विचारले. मी म्हणालो, ‘‘काय झालं ते सांगा, मग ठरवू.’’

त्यांनी सांगितले ते असे. ते रजेवर गावी होते. गाव सातारा जिल्ह्यात, नदीकाठचे. श्रावणातला पाऊस. म्हशी आणायला गेलेली दोन मुले पाणी चढल्यामुळे ओढ्याच्या तोंडाशी अडकली आणि काठावर माणसे जमेपर्यंत प्रवाहात ओढली गेली. हवालदार धावत आले, पण त्यांनी लगेच उडी मारली नाही. हे सांगताना ते थोडे थांबले, जणू मला ते भित्रेपणाचे वाटेल. आधी त्यांनी लोकांकडून बैलांचे दोन कासरे मागून घेतले, ते एकमेकांना गाठले, एक टोक कमरेला बांधले आणि दुसरे काठावरच्या चौघांच्या हातात दिले. मग मुले दिसत होती त्या जागी न उतरता बरेच वरच्या अंगाला जाऊन ते पाण्यात शिरले. प्रवाहच त्यांना मुलांकडे नेणार होता.

‘‘बुडणारा माणूस ओरडत नाही, सर. ओरडायला श्वास लागतो. तो नुसता वर-खाली होतो आणि हाताला लागेल ते धरतो.’’ जवळच्या मुलाने त्यांच्या गळ्यालाच मिठी मारली. तेव्हा त्यांनी स्वतःच बुडी घेतली. पाण्याखाली जाताच मुलाची मिठी सुटली. मग त्याला पाठीमागून, काखेत हात घालून धरले आणि कासऱ्याला हिसका दिला. काठावरच्यांनी ओढून घेतले.

‘‘बरं,’’ मी म्हणालो, ‘‘मग यात ‘मी’ का नाही लिहिलंत?’’

ते कागदाकडे पाहत राहिले. ‘‘दोघं होते ना सर. पहिल्या वाक्यात ‘मी’ लिहिला असता, तर दुसऱ्या वाक्यातही लिहावा लागला असता.’’

ते दुसरे वाक्य त्यांनी लिहिलेच नव्हते.

मित्रहो, त्या क्षणी मला माझीच एक आठवण आली. ती मी वर्गात कधी सांगितलेली नाही. मी सोळा वर्षांचा होतो. ठाण्यातल्याच एका तलावावर विसर्जनाची गर्दी होती. पायऱ्यांवरून एक लहान मुलगा घसरला आणि पाहता पाहता हातभर आत गेला. मी अगदी जवळ होतो. मला पोहता येत होते. शाळेच्या स्पर्धेत बक्षीसही मिळाले होते. मी उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही; पाच-सात क्षण असतील. तेवढ्यात माझ्या बाजूने एक माणूस कपड्यांनिशी पाण्यात गेला आणि मुलाला घेऊन वर आला. मुलगा रडू लागला आणि लोक हसू लागले. त्या माणसाने सदरा पिळला आणि तो गर्दीत मिसळला. तो कोण, हे कोणीही विचारले नाही. मी उभा होतो, हेही कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्या लक्षात मात्र राहिले आहे. आपल्या भाषेत अलिप्त माणसाला ‘काठावरचा’ म्हणतात, तो शब्द ऐकला की मला त्या ओल्या पायऱ्या दिसतात.

आणि मी एका उडी घेतलेल्या माणसाला विचारले होते, कर्ता कुठे आहे?

कर्ता गाळण्याच्या अनेक रीती आहेत. त्यांतली एक तुम्ही रोज वाचता: ‘चौकशी करण्यात येईल’, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे’. कार्यालयीन मराठीने या रचनेवर आपला मोठा कारभार चालवला आहे. इथे कर्ता नसतो, कारण त्याला उद्या कोणी जबाबदार धरू नये. तुम्ही नोकरी करीत असाल तर असे मसुदे तुमच्याही हातून लिहिले गेले असतील. मीही लिहिले आहेत. पण हीच रचना कधी कधी वेगळ्या कारणानेही येते.

आपल्या ठाणे जिल्ह्यातीलच उदाहरण घ्या. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी या स्थानकांदरम्यान अडकली. उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले होते आणि गाडीच्या चहूबाजूंनी पसरले होते. हजाराहून अधिक प्रवासी अंधारात डब्यांत बसून राहिले. त्यांत नऊ गरोदर स्त्रिया होत्या. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी, नौदलाचे पाणबुडे, भूदल, हवाई दलाची हेलिकॉप्टरे, पोलीस आणि आसपासचे गावकरी यांच्या हातांनी सर्व प्रवासी बाहेर आले. ‘सर्व प्रवाशांची सुखरूप सुटका करण्यात आली’ असे वाक्य आपण वाचले आणि पुढच्या बातमीकडे वळलो. इथेही कर्ता नाही. पण तो कोणी लपवलेला नव्हता. एवढे हात एका वाक्यात मावत नव्हते. एका प्रवाशाला बोटीत उतरवून घेणारा जवान कोण होता, हे त्या प्रवाशालाही ठाऊक नसेल.

याहून जुने उदाहरण पुण्याचे. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. त्याआधीच्या रात्री लष्कराचे जवान खचणाऱ्या बांधावर वाळूची पोती रचत होते. धरण वाचले नाही. पण ते अंधारात न फुटता दिवस उजाडल्यावर फुटले. त्यामुळे असंख्य माणसांना जीव घेऊन उंचावर जाता आले. त्या जवानांनी पाण्यात उडी घेतली नव्हती आणि कोणा एकाला हाताला धरून बाहेर काढले नव्हते. त्यांनी वाचवले ते काही तास. त्या तासांत वाचलेल्यांना आपल्याला वाचवणाऱ्यांची नावे कधीच कळली नाहीत.

युद्ध नसताना दाखवलेल्या अशा धैर्याला नाव देताना आपल्या राज्यव्यवस्थेलाही शब्द शोधावे लागले. अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही पदके जानेवारी १९५२ मध्ये स्थापन झाली. आज रूढ असलेली नावे १९६७ मध्ये आली. ही पदके कोणत्या शौर्यासाठी? जे शौर्य शत्रूसमोर गाजवलेले नाही, त्यासाठी. व्याख्या नकारात्मक आहे हे तुमच्या ध्यानात आले असेल. ‘पराक्रम’, ‘शौर्य’, ‘वीर’ हे आपले शब्द रणांगणावर वाढले. त्यांना समोर कोणीतरी शत्रू लागतो. म्हणून शत्रू नसलेल्या शौर्याची ओळखसुद्धा शत्रूच्या अभावाने करून द्यावी लागली. नदी कोणाची शत्रू नसते. ज्या पाण्याने मुलाला ओढून नेले, त्याच पाण्यावर त्या गावची शेते पिकतात. तिथे जिंकायचे कोणाला?

१९६१ मध्येच जीवन रक्षा पदकांची मालिका सुरू झाली. बुडणाऱ्याला, आगीत किंवा अपघातात सापडलेल्याला वाचवणाऱ्यांसाठी ती आहे. सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक असे तिचे तीन स्तर आहेत. वाचवणाऱ्याने स्वतःचा जीव किती धोक्यात घातला, यावर स्तर ठरतो. या पदकाच्या नियमांत एक विचारपूर्वक केलेली तरतूद आहे. सैन्यदलातील, पोलिसांतील किंवा अग्निशमन दलातील व्यक्तीला ते मिळू शकते, पण ती कृती कर्तव्याच्या बाहेर केलेली असेल तरच. रजेवरचा जवान नदीत उतरतो तेव्हा त्याला कोणाचा हुकूम नसतो. नियमाच्या दृष्टीने तो त्या वेळी तुमच्या-माझ्यासारखा एक नागरिक असतो. फरक उरतो तो सवयीचा. ‘आधी दोर, मग उडी’ हे त्याच्या अंगात मुरलेले असते. पाण्याबाहेरून काठी, दोर किंवा पोकळ डबा देता येत असेल तर पाण्यात उतरू नये, आणि उतरलेच तर बुडणाऱ्याच्या पाठीमागून जावे, हे न कळल्यामुळे एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. धाडस आणि अविचार यांतले अंतर कधी कधी एका कासऱ्याएवढे असते.

आणि कधी कधी तो कासरा जवळ नसतो. २२ मे २०२५ रोजी उत्तर सिक्कीममध्ये लेफ्टनंट शशांक तिवारी यांची गस्ती तुकडी ओंडक्यांच्या पुलावरून एक डोंगरी नदी ओलांडत होती. एक अग्निवीर तोल जाऊन प्रवाहात पडला. लेफ्टनंट तिवारी यांनी पाठोपाठ उडी घेतली. एक नाईकही मदतीला उतरला. अग्निवीर वाचला. लेफ्टनंट तिवारी मात्र वाहून गेले आणि त्यांचा मृतदेह खालच्या अंगाला सापडला. डिसेंबर २०२४ मध्ये ते अधिकारी झाले होते. सेवेला सहा महिनेही झाले नव्हते. त्यांना मरणोत्तर कीर्ती चक्र जाहीर झाले. सैन्यात हाताखालच्या माणसाची जबाबदारी अधिकाऱ्यावर असते, हे वाक्य प्रशिक्षणात सगळेच ऐकतात. त्या सकाळी त्याचा अर्थ एका उडीएवढा होता.

ही घटना वाचल्यावर मी, जुन्या सवयीने, ती तीन साध्या वाक्यांत लिहून पाहिली. ‘अधिकाऱ्याने उडी मारली.’ हा कर्मणी प्रयोग. क्रियापद ‘उडी’चे लिंग-वचन घेते. ‘अधिकाऱ्याने सैनिकाला वाचवले.’ हा भावे प्रयोग. क्रियापद कोणाचेच होत नाही. ‘अधिकारी वाहून गेला.’ हा कर्तरी प्रयोग. तीन वाक्यांपैकी फक्त शेवटच्या वाक्यात क्रियापद त्या माणसाप्रमाणे बदलते. व्याकरण नीती शिकवत नाही, आणि मीही त्याच्याकडून ती बळेच वदवून घेणार नाही. पण ही तीन वाक्ये मी वहीत बराच वेळ पाहत होतो, एवढे मात्र खरे.

फौजी काकांकडे परत येतो. त्या रविवारी मी त्यांना म्हणालो, ‘‘हे आहे तसंच राहू द्या. गुण मी बदलतो.’’ ते म्हणाले, ‘‘नको सर. तुम्ही लिहायला सांगितलंय, लिहून आणतो.’’ मला वाटले, राहून जाईल. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी नवा कागद दिला. पूर, म्हशी, कासरे, चौघे गावकरी, सगळे त्यात होते. वाक्ये लहान होती, एक-दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या. शेवटची दोन वाक्ये अशी होती: ‘मी एका मुलाला वाचवले. दुसऱ्याला मी वाचवू शकलो नाही.’

या दुसऱ्या वाक्याचा प्रयोग ओळखा. ‘तो शकला, ती शकली, मी शकलो’. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, म्हणून कर्तरी. ज्या वाक्यात श्रेय होते, तिथे क्रियापद त्यांचे नव्हते. ज्यात भार होता, तिथे त्यांनी ते आपल्या नावावर लावून घेतले. माझ्या शेऱ्यासाठी ते लिहिले गेले, याचा मला आजही संकोच वाटतो. पण कागद देताना त्यांचा चेहरा मोकळा वाटला, हेही नमूद केले पाहिजे. ‘‘त्याच्या आईला भेटून आलो, सर,’’ ते म्हणाले. ‘‘इतकी वर्षं त्या वाटेनं जात नव्हतो.’’ भेटीत काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि या वेळी मी फुलवून सांगायला म्हटले नाही.

मराठीत ‘वाचणे’ ही दोन क्रियापदे आहेत. एक पुस्तकाचे आणि दुसरे जिवाचे. व्युत्पत्तीने ती वेगळी आहेत: पहिले ‘वच्’ या संस्कृत धातूकडे जाते, दुसरे हिंदीतल्या ‘बचना’चे सख्खे भावंड. ध्वनिपरिवर्तनाच्या ओघात दोन्ही एका उच्चाराला येऊन पोहोचली. शास्त्राच्या दृष्टीने हा निव्वळ योगायोग आहे आणि परीक्षेत तुम्ही तसेच लिहावे. मी मात्र उत्तरपत्रिका तपासायला बसलो की दोन्ही अर्थ मनात ठेवतो. दोन वाक्ये लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा कागद आधी नीट वाचला पाहिजे. त्यात कोण वाचले आणि कोण नाही, हे त्यानंतरच कळते. लाल शाईची लेखणी मी आता पहिल्या वाचनाच्या वेळी हातात घेत नाही.

तुम्ही स्वाध्याय लिहायला बसाल तेव्हा एक करा. कर्ता गाळलेले आपले प्रत्येक वाक्य थांबून पाहा आणि तो का गाळला, हे स्वतःला विचारा. जबाबदारी टाळण्यासाठी असेल तर तो परत आणा. फुशारकी टाळण्यासाठी असेल तर राहू द्या. आणि लिहिणे जड जात होते म्हणून राहून गेला असेल, तर घाई करू नका. पण कधीतरी लिहा.

फौजी काका बी.ए. झाले. ते अजून त्याच फाटकावर असतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला मी त्या बाजूने गेलो तेव्हा त्यांच्या चौकीत, खुर्चीमागच्या खिळ्याला, जाड सुती दोराचे एक वेटोळे टांगलेले दिसले. संकुलाच्या आवारात पोहण्याचा तलाव आहे. मी दोराकडे पाहतो आहे हे त्यांनी पाहिले, पण आम्ही दोघेही त्याविषयी काही बोललो नाही.